मंगळवार, गुरुवार, शनिवार

आमच्या घरात आता आठवड्याचे दोनच प्रकार आहेत, मशीनचे वार आणि बिनमशीनचे वार. मंगळवार, गुरुवार, शनिवार नवऱ्याचं डायलिसिस, दर वेळी ४ तास, शिवाय जायचं यायचं, सुया काढल्यावर बोळा दाबून धरायचा, बीपी खाली गेलं तर पाय वर करून पडून राहायचं, म्हणजे दिवस गेलाच. दोनेक वर्षं होत आली. लोक फोनवर विचारतात की तुम्ही हे सगळं कसं गं जमवता, मी दर वेळी "चाललंय" म्हणते आणि विषय बदलते, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात नातेवाईकांबद्दल बरंच काही येतं, चांगलंही आणि जरा कमी चांगलंही. आज बिनमशीनचा वार, मला बँकेला सुट्टी, लेक क्लासला, सासूबाई झोपल्यात, तर टाकते लिहून.

आजाराबद्दल थोडक्यात. नवऱ्याला बीपी होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि त्याने "कामाचं टेन्शन" म्हणून सोडून दिलं, यातलं नक्की काय यावरून आमची अजून भांडणं होतात. पायावर सूज आली, जेवण जाईना, सकाळी उठल्या उठल्या मळमळ, सगळे म्हणाले पित्त असेल. रिपोर्ट आले तेव्हा दोन्ही किडन्यांचं काम जवळपास बंद पडलेलं. वय ४६. आधी मानेत नळी घालून डायलिसिस, मग डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे शीर आणि धमनी जोडायची, ती तयार व्हायला काही आठवडे जातात, तोपर्यंत हा दिवसभर हातात रबरी बॉल दाबत बसायचा, टीव्हीवर मॅच बघताना पण. आता त्या हातावर बोटं ठेवली की आत घुर्र घुर्र जाणवतं, ते चालू आहे ना हे रोज सकाळी बघायचं. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर बीपी घ्यायचं नाही, त्यातून रक्त काढायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. घरात त्या हाताला जेवढा मान आहे तेवढा मला नाही.

तर सुरुवातीला सगळे येतात. आजारी माणसाकडे शहाळं घेऊनच जायचं असा पुण्यात बहुतेक ठरावच झालेला असावा. पहिल्या पंधरवड्यात आमच्या गॅलरीत इतकी शहाळी जमली की खालच्या वॉचमनने विचारलं, ताई, गाडी लावताय का? आणि मजा अशी की डायलिसिसच्या पेशंटला शहाळं चालत नाही. किडनी चालत नसली की पोटॅशियम रक्तात साठत जातं, ते फार वाढलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. चिंचवडच्या मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, दोन बस बदलून सहा शहाळी घेऊन आल्या होत्या. खांद्याला पिशवीचा वळ उमटलेला. त्यांना कसं सांगायचं? मी आपलं "ठेवा मावशी, नंतर देते" म्हटलं, तर नवरा आतून ओरडला की मावशी, हे प्यायलो तर मी मरेन. मावशींनी जे तोंड फिरवलं ते संक्रांतीपर्यंत. शहाळी वॉचमनच्या पोरांनी प्यायली.

नंतर आलं ते मीठ. कोणीतरी वाचलं की बीपीला लो सोडियम मीठ चांगलं, दिलं पाठवून. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं हो! म्हणजे साध्या मिठापेक्षा याला तेच जास्त वाईट. मग डाळीवरून गोंधळ. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं, म्हणून सगळ्या नातेवाइकांच्या डोक्यात पक्कं बसलं की किडनीवाल्याला डाळ नाही, अंडं नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या आता प्रोटीन वाढवा, मशीनमधून थोडं निघून जातं, रोज अंड्याचं पांढरं द्या. आता सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, जिथे त्यांच्या सासूबाईंपासून अंडं आलेलं नाही, तिथे अंडं. त्यात माझी आई साताऱ्याहून मदतीला आलेली, ती म्हणाली मी उकडते, त्यात काय. झालं. दोन आया, एक ओटा. मी ऑफिसमधून आले तर गॅलरीत इंडक्शन शेगडी, त्यावर आई अंडी उकडतेय आणि आत सासूबाई पातेल्यात बटाटे उकळून पाणी ओततायत. बटाटा द्यायचाच तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, असं सांगितलंय. सासूबाई दोनदा उकळायच्या. त्या भाजीला चव म्हणून काही राहायची नाही आणि नवरा ती मुकाट्याने खायचा, कारण बोलला असता तर दोघींनाही लागलं असतं.

पाण्याचं मात्र खरंच अवघड. दिवसाला सगळं मिळून जेमतेम १ लिटर, त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचं पाणी आलं. लघवी जवळपास होत नाही, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगातच राहतं, पुढच्या डायलिसिसला वजन काट्यावर दिसतं आणि मग मशीन ते ओढून काढतं, जास्त ओढलं की पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस कळवळतो. सकाळी मी एका बाटलीत त्याचं पाणी भरून ठेवते, ती संपली की संपलं. एप्रिलमध्ये, पंखा गरम हवा फेकत असताना, तो संध्याकाळी पाच वाजता बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसतो. आणि तिकडे त्या मशीनला एका वेळेस साधारण १२० लिटर डायलिसिसचं पाणी लागतं, मिनिटाला अर्धा लिटर असं ४ तास. हे त्यानेच हिशोब करून मला सांगितलं. परचेसमधला माणूस, आकडे सोडत नाही.

आता मुद्द्याचं. "काही लागलं तर सांगा." हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा खरंच काही मागितलं असतं तर आमचं घर बांधून झालं असतं. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच वाटत असतं. पण सांगायचं कोणी? मी. कधी? रात्री अकरा वाजता ओटा आवरून झाल्यावर मी कोणाला फोन करून सांगणार की उद्या मला सुट्टी मिळत नाहीये, याला सोडायला या. आपल्याकडे मागणं हेच काम असतं, ते काम पण पेशंटच्या घरच्यांनीच करायचं. शिवाय प्रत्येक वेळी मनात हिशोब, यांच्याकडून गेल्या आठवड्यात घेतलंय, यांना आता नको सांगायला.

मग मी एक दिवस कंटाळून व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, त्याचं नाव मं-गु-श, आणि सरळ लिहिलं की ज्यांनी ज्यांनी काही लागलं तर सांगा म्हटलंय त्यांना सांगतेय. सोडायला कोण, बसायला कोण, आणायला कोण. एकदाच सांगा आणि तो वार तुमचा, दर आठवड्याला. शहाळी नकोत, फळं नकोत, बघायला येऊ नका. सासूबाईंना हे अजिबात आवडलं नाही, म्हणाल्या अगं नात्यात अशी ड्युटी लावतात का, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले ते मला कळलंच, दोघंतिघं ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडले. पण जे राहिले ते राहिले.

आत्यांनी पाच मिनिटांत शनिवार घेतला. नवऱ्याच्या सख्ख्या आत्या, नारायण पेठेत एकट्या राहतात, शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, सत्तरी ओलांडलीय. मी म्हटलं, आत्या, ४ तास बसावं लागतं, तुम्हाला झेपेल का? तर म्हणाल्या, "अगं, तिथे एसी आहे. मी काय त्याला बघायला येते का, माझं शब्दकोडं सोडवायला येते." आणि खरंच तसंच. रिक्षाने येतात, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालतात, बेडशेजारच्या स्टुलावर बसतात, पेन्सिल काढतात. दोघं तासन्‌तास बोलत नाहीत. मधेच "आडवे सतरा, चार अक्षरी, धान्य मोजायचं माप" असं काहीतरी. कसं वाटतंय वगैरे एकदाही विचारत नाहीत आणि नवरा म्हणतो म्हणूनच शनिवार सगळ्यात सोपा जातो. पोटरीत गोळा आला की मात्र पेन्सिल कानावर अडकवून उठतात आणि पायाचा चवडा धरून मागे रेटतात, टेक्निशियन यायच्या आत. हे त्यांना कोणी शिकवलं नाही. शाळेत पीटी घ्यायच्या म्हणे.

मंगळवार-गुरुवार ज्याने घेतले ते वाचून मला वाटलं चुकून मेसेज आलाय. नवऱ्याचे चुलतभाऊ, धायरीत हार्डवेअरचं दुकान. भोर तालुक्यात गावाकडे जमीन आहे, तिच्या वाटणीवरून सासऱ्यांच्या वेळेपासून केस चालू आहे, या दोन घरांत जाणं-येणं बंद होतं, लेकीच्या बारशालाही ते आले नव्हते. त्यांना ग्रुपमध्ये मी घेतलंही नव्हतं, आत्यांनी घेतलं असावं, आत्या नाही म्हणतात. त्यांनी एवढंच लिहिलं, "मंगळ गुरु मी. टेम्पो आहे." पहिले काही वेळा ते खालूनच हॉर्न वाजवायचे, वर यायचे नाहीत. सासूबाई गॅलरीतून बघायच्या, आत यायच्या आणि भांडी जोरात आपटायच्या.

२५ जुलै २०२४ आठवतोय का? सिंहगड रोडवाल्यांना आठवत असणारच. एकतानगरीत रात्रीत नदीचं पाणी घुसलं, माणसं बोटीतून काढली, शाळांना सुट्टी. आम्ही त्याच्या अलीकडे आनंदनगरच्या बाजूला राहतो, आमच्याकडे एवढं नव्हतं पण पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटपर्यंत होतं. लाइट गेलेली, लिफ्ट बंद, कार पाण्यात. आणि वार गुरुवार. सेंटरला फोन लावला तर म्हणाले बघा जमलं तर या, नाहीतर उद्या संध्याकाळी जागा काढू. पण मंगळवारपासून याचं वजन जवळपास ३ किलो वाढलेलं, रात्री आडवं झालं की धाप लागत होती, उशांना टेकून बसून झोपलेला. उद्या संध्याकाळ लांब होती. मी आपली रिक्षा अॅपवर शोधतेय, एकही नाही, ऑफिसला कळवतेय, मोबाइलची बॅटरी किती उरलीय ते बघतेय, लेक घाबरून आजीला चिकटलेली. तेवढ्यात दारावर थाप. धायरीचे भाऊजी. मांड्यांपर्यंत भिजलेले, हातात चप्पल. छोटा हत्ती, म्हणजे त्यांचा टेम्पो, मेन रोडला उंचावर लावून गल्लीतून चालत आले होते. पहिल्यांदाच वर आले. सासूबाईंनी दार उघडलं, दोघं एकमेकांकडे बघत राहिले, मग सासूबाई म्हणाल्या, "पाय पूस." बस. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

नाल्याचं पाणी ते, काय काय वाहत होतं त्यात, त्यामुळे याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत कॅरीबॅग गुंडाळली, वर रबर न लावता नुसती दुमडून, कारण त्या हाताला आवळलेलं काही चालत नाही. भाऊजींनी उजव्या बाजूने कमरेत हात घातला आणि दोघं जिना उतरले. वरून मी, लेक, सासूबाई. सासूबाई संपूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतायत, डावा हात वर धर रे, डावा! नवरा असा हात वर करून चाललेला की समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी पण उलट हात केला. मग ते वडगाव पुलावरून हायवेला लागले, वारजेवरून कर्वे रोड, असे पोचले. तिथे सिस्टरने नेहमीप्रमाणे विचारलं, पेशंटचे नातेवाईक कोण? भाऊजी म्हणाले, मी, भाऊ. आणि ओल्या पँटने एसीत ४ तास बसले. हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं, भाऊजी सांगणार नाहीत.

बरं, यावरून कोणाला वाटेल की आता केस मिटली, गळ्यात गळे वगैरे. छे. केस चालू आहे. मधे भोरच्या कोर्टात तारीख होती, बिनमशीनचा वार होता, दोघं एकाच टेम्पोतून गेले, वाटेत चहा प्यायले, म्हणजे भाऊजी प्यायले आणि याने दोन घोट, आणि आत जाऊन आपापल्या वकिलाशेजारी उभे राहिले. पुढची तारीख घेऊन एकत्रच परत आले. मला हे आधी विचित्र वाटायचं, आता वाटतं ठीक आहे की. जमीन वेगळी, मंगळवार वेगळा.

किडनीचं पण लिहायला हवं, ते टाळून कसं चालेल. ट्रान्सप्लांट हा पर्याय पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे कोण ते लिहूनच ठेवलंय: नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं. चुलतभाऊ त्यात येत नाही. आत्या येत नाही. त्यांच्यापैकी कोणी द्यायची म्हटली तर कमिटीपुढे जाऊन यात पैशाचा व्यवहार नाही हे पटवून द्यावं लागतं, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर गरिबांच्या किडन्यांचा बाजार झाला असता.

तर आमच्या यादीत कोण? मी. माझा रक्तगट बी, याचा ओ, ओवाल्याला सरळ मार्गाने ओचीच लागते. गट न जुळताही करतात आता, पण खर्च आणि औषधं दोन्ही वाढतात. सासूबाई ओ. त्या म्हणाल्या, माझ्या दोन्ही घ्या, मी काय करायच्यात. त्यांची शुगर आणि वय बघून डॉक्टरांनी नम्रपणे नको म्हटलं. डॉक्टरांवर त्या अजून रागावलेल्या आहेत, दर भेटीला त्यांना "तुम्ही माझी नीट तपासणीच केली नाही" असं ऐकवतात. राहिला दीर, सख्खा, अमेरिकेत, ओ.

व्हिडिओ कॉलवर विषय निघाला. मी काढला नाही, सासूबाईंनी काढला. तिकडे स्क्रीन अडकली असं आधी वाटलं, मग दिसलं की जाऊबाईंच्या मागचा पंखा फिरतोय. दीर म्हणाले, बघतो, इथल्या डॉक्टरांना विचारतो. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही नाही. आमच्या नातेवाइकांत यावर भरपूर बोलून झालंय, सख्खा भाऊ असून, वगैरे. मला ते बोलणं आवडत नाही. त्यांना दोन लहान मुलं आहेत, परक्या देशात नोकरी आहे, आणि शरीराचा भाग देणं हे टेम्पो देण्यासारखं नाही. माझा गट जुळला असता तर मी न घाबरता दिली असती का हे मी तरी कुठे छातीठोकपणे सांगू शकते. जे सगळ्यात मोठ्याने बोलतात त्यांना मी एकदा विचारलं, तुमचा गट काय हो? विषय संपला.

आणि दीर काही करत नाहीत असंही नाही. पैशाचा मोठा भार त्यांनी उचललाय, पैसे न सांगता दर महिन्याला येतात. शिवाय सगळी बिलं मी फोटो काढून पाठवते, ते एक्सेलमध्ये टाकतात, मेडिक्लेमवाल्यांशी मेलवर भांडतात, इन्कम टॅक्सच्या ८०डीडीबीत, म्हणजे आजारपणाच्या खर्चावरच्या सवलतीत, किडनीचा आजार बसतो, त्यासाठी स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं, हे त्यांनीच शोधून काढलं. रात्री आपण झोपल्यावर तिकडून कोणीतरी आपली फाइल लावतंय ही कमी मदत नाही. सासूबाईंना मात्र ती मदत दिसत नाही, त्यांना टेम्पो दिसतो.

आमचं नाव पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या संस्थेच्या, यादीत आहे, हॉस्पिटलमार्फत लागतं ते, आणि स्वॅपसाठी पण दिलंय, म्हणजे माझ्यासारखाच न जुळणारा दुसरा कोणी जोडा मिळाला तर माझी त्यांच्याकडे आणि त्यांची याला. एक फोन आला होता, तपासण्यांपर्यंत गेलं आणि तिकडच्या बाजूने काहीतरी अडलं. त्या बाईंचा चेहरा माझ्या लक्षात राहिलाय. हॉस्पिटलच्या लॉबीत त्या त्यांच्या नवऱ्याची बाटली भरून घेत होत्या, अर्धीच.

बाकी मं-गु-श चालू आहे. चिंचवडच्या मावशी परत बोलायला लागल्या, आता त्या महिन्यातून एकदा येऊन लेकीला घेऊन जातात, दोन दिवस तिला हॉटेलात काय काय खायला घालतात, कारण आमच्याकडे पापड-लोणचं बंद झाल्यापासून पोरगी वाळलीय असं त्यांचं म्हणणं. दहावीचं वर्ष आहे, अभ्यास बुडतो, पण मी काही बोलत नाही. परत येते तेव्हा हसत असते.

पुढच्या महिन्यात आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यामुळे काही शनिवार रिकामे. त्यांना मी म्हटलं तुमच्यासोबत कोण थांबणार, तर म्हणाल्या, धायरीवाल्याला सांगून ठेवलंय, तू तुझं बघ. मग माझं बघतेय. काल रात्री ग्रुपवर टाकलं, शनिवार सकाळ, ४ तास, स्टुलाला पाठ नाही, एसी आहे, कोण बसेल? आत्तापर्यंत एकच अंगठा आलाय, तो अमेरिकेतून.